ग्लायडरच्या बॅटरीचे कनेक्टर कसे ओळखावेत आणि पुण्यातून कसे मिळवावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लायडरला इंजिनच नसते, मग बॅटरी कशाला लागते?

उडण्यासाठी लागत नाही, हे खरे. विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ग्लायडरला खेचणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने, किंवा ओढणाऱ्या विमानाने वर नेल्यावर ग्लायडर तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या प्रवाहांवर तरंगतो, आणि वेगमापक, उंचीमापक व यांत्रिक व्हेरिओमीटर (वर चढण्याचा किंवा खाली उतरण्याचा वेग दाखवणारे) ही उपकरणे केवळ हवेच्या दाबावर चालतात. आपल्याकडे सरकारी नागरी विमान विभागाने आखलेले ग्लायडर होते, त्यांना अश्विनी, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा अशी नक्षत्रांची नावे दिली गेली. त्या काळातील प्रशिक्षणाचे ग्लायडर विजेवाचून उत्तम उडत असत. आज मात्र रेडिओ, इलेक्ट्रॉनिक व्हेरिओमीटर, दिशादर्शक संगणक, फ्लार्मसारखे टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र आणि काही ठिकाणी ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र, हे सर्व एका बॅटरीवर अवलंबून असते. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचे मैदान लोहगावच्या हवाईतळापासून फार दूर नाही. अशा आकाशात रेडिओ मुका होणे ही किरकोळ गैरसोय नव्हे, आणि रेडिओ मुका होण्याचे कारण शोधू लागल्यावर बहुतेक वेळा तपास बॅटरीपाशी थांबत नाही, तिच्या कनेक्टरपाशी थांबतो.

माझ्या ग्लायडरमध्ये कोणता कनेक्टर आहे, हे ओळखायची सुरुवात कुठून करावी?

कागदापासून. ग्लायडरच्या देखभाल पुस्तिकेत विद्युत आकृती असते आणि तिच्या सोबतच्या भागांच्या यादीत कनेक्टरचा निर्माता व क्रमांक बहुधा दिलेला असतो. त्यानंतर लॉगबुक पाहावे, कारण वीस-तीस वर्षांच्या ग्लायडरमध्ये पॅनेल एकदा तरी बदललेले असते आणि त्या वेळी कनेक्टरही बदललेला असू शकतो. पुस्तिका एक सांगते आणि कॉकपिटमध्ये दुसरेच दिसते, असे झाले तर त्या बदलाची नोंद सापडेपर्यंत खरेदी करू नये.

कागदाने उत्तर मिळाले नाही तर वस्तू हातात घ्यावी. आधी बॅटरी सोडवावी आणि मगच कनेक्टर उजेडात आणावा. प्लॅस्टिकच्या अंगावर कडेला, बहुतेकदा वायर आत शिरते त्या बाजूला, बारीक उठावाची अक्षरे असतात. ती काळ्यावर काळी असल्यामुळे सरळ उजेडात दिसत नाहीत. फळ्यावरचा खडू बोटाने हलकेच चोळावा, जादा भुकटी फुंकून टाकावी आणि टॉर्च आडवा धरावा. खळग्यांत आणि कडांवर खडू बसून निर्मात्याची खूण, मालिकेचा क्रमांक आणि कधी कधी प्रत्येक पिनेशेजारचा आकडासुद्धा स्वच्छ उमटतो. हे करताना भुकटी संपर्कांच्या भोकांत जाऊ देऊ नये, त्यासाठी कनेक्टरचे तोंड कागदी टेपने झाकून घ्यावे.

अक्षरे पुसली गेली असतील तर मोजमाप घ्यावे. डिजिटल व्हर्निअर कॅलिपर आता फारसा महाग राहिलेला नाही. संपर्कांची संख्या, पिनेचा व्यास किंवा पातीची रुंदी, दोन पिनांमधले अंतर, बाहेरील घेराचा व्यास आणि आटे असल्यास आट्यांचा व्यास एवढे आकडे लिहून घ्यावेत. दोन पिनांमधले अंतर मोजताना मध्याचा अंदाज घेऊ नये. एका पिनेच्या डाव्या कडेपासून दुसरीच्या डाव्याच कडेपर्यंत मोजावे, म्हणजे मध्य ते मध्य अंतर आपोआप मिळते. शेवटी मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून समोरून, मागून आणि बाजूने अशी तीन छायाचित्रे काढावीत. या माहितीवर कोणताही जाणकार दुकानदार किंवा अभियंता आपल्याला पाच मिनिटांत योग्य मालिकेपर्यंत नेईल. नुसत्या “काळा, गोल, तीन पिनांचा” या वर्णनावर नेऊ शकणार नाही.

ग्लायडरमध्ये साधारणपणे कोणकोणते कनेक्टर आढळतात?

सर्वांत साधा म्हणजे बॅटरीच्या पातीवर थेट सरकवला जाणारा चपटा क्लिप. याला आपल्याकडचे वायरमन थिंबल म्हणतात आणि एका व्यापारी नावावरून तो फास्टन म्हणूनही ओळखला जातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीला अशाच पाती असतात. ही बॅटरी म्हणजे संगणकाच्या यूपीएसमधली, सुमारे १५१ मिलिमीटर लांब, ६५ मिलिमीटर रुंद आणि ९४ मिलिमीटर उंच. जगभरच्या कित्येक ग्लायडरमधले बॅटरीचे कप्पे याच मापाला धरून बनवलेले आहेत. पातींचे दोन प्रकार आहेत: एफ-१ म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद आणि एफ-२ म्हणजे सुमारे ६.३ मिलिमीटर रुंद. रुंद क्लिप अरुंद पातीवर सरकतो, पण धरत नाही. जमिनीवर सगळी उपकरणे चालू दिसतात आणि विंचच्या पहिल्या हिसक्याला संपर्क सुटतो. नवीन बॅटरी आणताना ७ अँपिअर-तास एवढाच आकडा पाहून ती घेणाऱ्यांची हीच चूक होते.

क्लिपचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दोन्ही क्लिप सुटे असल्यामुळे लाल आणि काळा उलट लावण्यापासून आपल्याला काहीही अडवत नाही. म्हणून हे क्लिप बॅटरीवर एकदाच, सावकाशपणे, मल्टिमीटर हातात घेऊन बसवावेत, त्यांवर रबरी आवरण चढवावे आणि रोज काढ-घाल करण्यासाठी पुढे एक उलट न बसणारा कनेक्टर जोडावा, असे माझे ठाम मत आहे. केळ्याच्या आकाराच्या ४ मिलिमीटरच्या सुट्या पिनांनाही, ज्यांना बनाना प्लग म्हणतात, हाच नियम लागू आहे.

त्यानंतर येतो एक्सएलआर. ध्वनिक्षेपकाच्या मायक्रोफोनला असतो तोच गोल, धातूचा, खटका असलेला कनेक्टर. तो मजबूत असतो, उलट बसत नाही, खटक्यामुळे सुटत नाही आणि हातमोजे घातलेल्या हातानेही काढता येतो. न्यूट्रिकच्या मालिकेत तीन पिनांच्या कनेक्टरची क्षमता प्रति संपर्क १६ अँपिअर, चार पिनांची १० अँपिअर आणि पाच पिनांची ७.५ अँपिअर आहे. चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवण्यासाठी चार पिनांचा एक्सएलआर वापरण्याची रीत आहे. तेथे पिन १ ऋण आणि पिन ४ धन असते. मात्र आपल्या ग्लायडरमध्ये कोणीतरी हीच मांडणी पाळली असेल असे गृहीत धरता येत नाही.

जर्मन बनावटीच्या ग्लायडरमध्ये आट्यांच्या कड्याने आवळले जाणारे गोल कनेक्टर पुष्कळ आढळतात. बिंडर आणि टुखेल ही नावे त्यांवर दिसतात. आट्यांचा व्यास १६ मिलिमीटर भरला तर ते एम-१६ मालिकेतले असण्याची शक्यता मोठी. पण पिनांची संख्या सारखी असूनही त्यांची वर्तुळावरची मांडणी वेगळी असू शकते, त्यामुळे पिनांचा नकाशा काढल्याशिवाय मागणी नोंदवू नये. मी कनेक्टरचे तोंड शाईच्या पॅडवर हलके टेकवून कागदावर ठसा घेतो. पिनांचे ठिपके आणि खाचेची जागा यांचा खऱ्या मापाचा नकाशा त्यामुळे हाती येतो. शाई नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावी.

अलीकडे ज्यांचे पॅनेल नव्याने तयार झाले आहे, त्यांत अँडरसन पॉवरपोल दिसतो. याला नर-मादी भेद नाही, दोन्ही बाजूंना एकच वस्तू लागते, हा त्याचा मोठा गुण. लहान मालिकेत आवरण एकच असून आतील संपर्क १५, ३० किंवा ४५ अँपिअरचे वेगवेगळ्या जाडीच्या वायरींसाठी मिळतात. त्याला स्वतःचा खटका नसतो, म्हणून वेगळी क्लिप लावावी किंवा वायर अशी बांधावी की तिच्यावर ताण येणार नाही. पिवळा एक्सटी-६० हा मूळचा मॉडेल विमानांच्या दुनियेतला. तो उलट बसत नाही आणि त्याची क्षमता ग्लायडरच्या गरजेच्या कितीतरी पुढे आहे, पण तो इतका घट्ट बसतो की अरुंद कप्प्यात हात घालून तो काढताना लोक शेवटी वायरच ओढतात. मला तो बॅटरीच्या कप्प्यासाठी आवडत नाही.

नर कनेक्टर कोणत्या बाजूला आणि मादी कोणत्या बाजूला असावा?

बॅटरीच्या बाजूला मादी, म्हणजे संपर्क आत दडलेला कनेक्टर असावा. बॅटरी कधीही बंद करता येत नाही. तिच्या टोकाला उघड्या पिना असतील तर पिशवीतली किल्ली किंवा ट्रेलरमधला पाना त्यांना जोडायला पुरेसा आहे. ७ अँपिअर-तासाची साधी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाल्यास क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. आवाजाच्या क्षेत्रातून एक्सएलआर घेणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी, कारण तेथे मायक्रोफोनच्या, म्हणजे संदेश देणाऱ्या टोकाला पिना असतात आणि ती सवय बॅटरीला लागू केली तर नेमके उलट होते.

लाल वायर धन आणि काळी ऋण, एवढे पाहिले तर पुरे नाही का?

पुरे नाही. या एका प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः यात सापडलो आहे.

एका हंगामाच्या सुरुवातीला चार्जरची एक वायर मी बाहेरून तयार करून घेतली होती. काम नीटनेटके होते, स्लीव्ह चढवलेल्या होत्या, लाल आणि काळा रंग जागच्या जागी होता. मी ती बॅटरीला लावली आणि काचेचा फ्यूज माझ्या डोळ्यांदेखत काळा पडला. कनेक्टर उघडून पाहिला तेव्हा रंग बरोबर होते, पिनांचे क्रमांक उलटे होते. कारागिराने पिना समोरून मोजल्या होत्या आणि डाख मागून दिला होता. कनेक्टर समोरून पाहिला की पिनांचा जो क्रम दिसतो, तो डाखाच्या बाजूने आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा होतो. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही त्याच्याकडून ही चूक होणे अगदी स्वाभाविक आहे. मी त्या माणसाला दोष देत नाही. मल्टिमीटर माझ्या पिशवीत होता आणि मी तो बाहेर काढला नाही. त्या दिवशी फ्यूज नसता तर चार्जर गेला असता, आणि तीच चूक ग्लायडरच्या बाजूला झाली असती तर रेडिओ गेला असता.

तेव्हापासून मी क्रम ठरवून टाकला आहे. नवीन कनेक्टर लावल्यावर प्रथम दोन्ही संपर्कांमध्ये शॉर्ट नाही हे पाहावे. मग बॅटरी जोडून, ग्लायडरच्या बाजूचा कनेक्टर न लावता, बॅटरीच्या कनेक्टरच्या तोंडावर व्होल्टेज मोजावे. मल्टिमीटरची लाल तार धन समजलेल्या संपर्कावर ठेवल्यावर आकड्याआधी उणे चिन्ह आले तर सर्व थांबवावे. पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास विसावलेली शिसे-आम्ल बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. हा आकडा, धन पिनेचा क्रमांक आणि तारीख बॅटरीवरच चिकटपट्टीवर लिहावी.

किती अँपिअरचा कनेक्टर घ्यावा?

ग्लायडरची विजेची भूक लहान आहे. रेडिओ ऐकण्याच्या अवस्थेत, व्हेरिओमीटर, फ्लार्म आणि संगणक मिळून बहुधा १ अँपिअरच्या आसपास राहतात आणि बोलण्याचे बटण दाबल्यावर रेडिओ एकटा सुमारे २ अँपिअर घेतो. म्हणजे १० अँपिअरचा कोणताही चांगला कनेक्टर पुरेसा आहे. येथे चिंता तापण्याची नसून व्होल्टेज घटण्याची आहे.

समजा, बॅटरी शेपटीच्या उभ्या पंखात आहे आणि पॅनेलपर्यंत जाण्या-येण्याची मिळून १२ मीटर वायर आहे. अमेरिकी मापाच्या (एडब्ल्यूजी) १८ गेजच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे २१ मिलिओम असतो, तेव्हा २ अँपिअरला वायरीतच अर्धा व्होल्ट घटतो. त्यात कळकलेल्या कनेक्टरने १०० मिलिओमची भर घातली की आणखी ०.२ व्होल्ट गेला. दुपारभर उडून बॅटरी उतरत आली असताना एवढी घट पुरते: रेडिओवर ऐकू येत राहते, पण बटण दाबले की पडदा विझतो. वैमानिकाला वाटते बॅटरी संपली. प्रत्यक्षात बॅटरीत अजून बराच जीव असतो.

जुना कनेक्टर अजून चांगला आहे की बदलायला झाला, हे कसे तपासावे?

गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा घ्यावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, म्हणजे रेडिओ बोलत असतानाच्या भाराइतकाच. रेडिओवर विनाकारण प्रक्षेपण करण्याची गरज राहत नाही. हा दिवा पॅनेलच्या टोकाला जोडावा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची एक तार कनेक्टरच्या अलीकडच्या आणि दुसरी पलीकडच्या धातूला लावावी. चांगला जोड काही मिलिव्होल्ट दाखवतो. आकडा ५० मिलिव्होल्टच्या वर गेला, किंवा कनेक्टर बोटाने हलवताच नाचू लागला, तर तो बदलावा. ही मर्यादा मी अनुभवातून ठरवली आहे. पुस्तिकेत वेगळी दिली असेल तर पुस्तिकेची मानावी.

डोळ्यांनाही पुष्कळ दिसते. पितळी पातीवरची हिरवट पूड, क्लिपच्या मुळाशी तपकिरी-निळसर झालेला धातू, वायरीच्या आवरणाखाली काळे पडलेले तांबे या सगळ्या खुणा महत्त्वाच्या आहेत. चपटा क्लिप दोन बोटांनी काढल्यावर सहज हाती आला तर त्याचा ताण गेलेला असतो. तो पकडीने चेपून पुन्हा वापरू नये, कारण त्याची स्प्रिंग एकदा थकली की परत येत नाही.

डाख द्यावा की क्रिम्प करावे?

क्रिम्प करणे म्हणजे संपर्काचा धातू वायरीभोवती दाबून घट्ट चेपणे. कनेक्टर ज्या पद्धतीसाठी बनला आहे ती पद्धत वापरावी. चपटे क्लिप आणि पॉवरपोलचे संपर्क क्रिम्पसाठी आहेत; एक्सएलआर आणि एक्सटी-६० यांच्या वाट्या डाखासाठी आहेत. क्रिम्पच्या संपर्कात वरून डाख ओतला की तो तारांच्या पेडांतून आवरणाखाली चढतो, तेथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी त्या कडक भागाच्या टोकाला तुटते. डाखाच्या कनेक्टरमध्ये वायर मागच्या पकडीत नीट धरली गेली पाहिजे, म्हणजे ओढ डाखावर न येता आवरणावर येते.

क्रिम्पिंगसाठी साध्या पकडीचा उपयोग करू नये. दाब पूर्ण झाल्याशिवाय न सुटणारे रॅचेटचे क्रिम्पर आणि त्या संपर्काला जुळणारा साचा लागतो. तयार जोड हाताने जोरात ओढून पाहावा. निघायचाच असेल तर तो टेबलावर निघालेला बरा.

फ्यूज कुठे बसवावा?

बॅटरीच्या धन टोकापासून जितका जवळ शक्य असेल तितका, शक्यतो बॅटरीच्याच संचावर आणि कनेक्टरच्या आधी. पॅनेलवरचे फ्यूज उपकरणांची वायर वाचवतात. बॅटरीपासून पॅनेलपर्यंतची वायर, जी वैमानिकाच्या पाठीमागून किंवा आसनाखालून जाते, तिला वाचवणारा फ्यूज बॅटरीपाशीच हवा. आकडा पुस्तिकेतून घ्यावा.

मूळ कनेक्टर मिळत नाही. त्याऐवजी दुसऱ्या प्रकारचा बसवू का?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. बॅटरीचा संच आणि चार्जरची वायर हाताशी असल्यामुळे आपल्याला त्या ‘बाहेरच्या’ वाटतात, पण व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणी असलेल्या ग्लायडरमध्ये कायम बसवलेले सर्व काही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांखाली येते. भाग बदलून तसाच भाग बसवणे ही देखभाल झाली; भागाचा प्रकार बदलणे हा फेरफार झाला आणि त्याला मान्य तांत्रिक आधार लागतो. त्यामुळे ग्लायडरच्या बाजूच्या कनेक्टरला हात लावण्याआधी परवानाधारक देखभाल अभियंत्याला विचारावे, काम त्याच्या देखरेखीखाली व्हावे आणि लॉगबुकात नोंद व्हावी.

भागासोबत कोणता कागद हवा, हेही तोच सांगेल. विमानाच्या भागांसाठी सीए फॉर्म १ (भारतीय) किंवा ईएएसए फॉर्म १ (युरोपीय) असा, भाग वापरायला योग्य असल्याचा मुक्तता दाखला असतो. मानक भागांसाठी निर्मात्याचे अनुरूपतेचे प्रमाणपत्र चालू शकते. म्हणून दुकानातून कनेक्टर घेताना बिल, मूळ पाकीट आणि त्यावरची लॉट क्रमांकाची पट्टी जपून ठेवावी. पट्टी फाडून टाकलेला कनेक्टर उत्तम दर्जाचा असला तरी अभियंत्याच्या दृष्टीने तो निनावीच असतो.

पुण्यात हे सामान कुठे मिळते?

पहिली फेरी बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात मारावी. चपटे क्लिप, रबरी आवरणे, हीट श्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी), फ्यूज, फ्यूजची घरे, क्रिम्पर, मल्टिमीटर आणि यूपीएसच्या बॅटऱ्या हे सर्व एका दुपारी पायी हिंडून मिळते. सकाळी लवकर जाण्यात अर्थ नाही, दुकाने उशिरा उघडतात. गाडी शक्यतो नेऊ नये. जुना कनेक्टर, मोजमापांचा कागद आणि व्हर्निअर सोबत न्यावा आणि क्लिप घेताना दुकानातच आपल्या पातीवर सरकवून पाहावा. तेथील अनुभवी दुकानदारांना असे गिऱ्हाईक खटकत नाही, उलट ते आतून दुसरा डबा काढून दाखवतात.

एक्सएलआरसाठी ध्वनिक्षेपकाचे सामान विकणाऱ्या दुकानांत जावे. गणेशोत्सवाच्या आधीच्या महिन्यात तेथे मंडळांची आणि साउंडवाल्यांची गर्दी असते, तेव्हा शांतपणे बोलणे होत नाही. तीन पिनांचा माल सर्वत्र असतो, चार पिनांचा मागवावा लागतो. न्यूट्रिकचा मागितला आणि “तसाच आहे” म्हणून दुसरा पुढे केला गेला, तर नम्रपणे नाही म्हणावे. गाडीचे ब्लेड फ्यूज आणि त्यांची झाकणवाली घरे नाना पेठेत, वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांच्या नियंत्रण पेट्यांसाठी गोल आट्यांचे कनेक्टर ठेवणारे विक्रेते आहेत. एम-१६ मालिकेसाठी त्यांच्याकडे चौकशी करण्यासारखी आहे, फक्त किमान नग किती घ्यावे लागतील हे आधी विचारावे.

यांतून काम झाले नाही तर एलिमेंट-१४, माउझर किंवा डिजी-की यांसारख्या अधिकृत वितरकांकडून मागवावे. निर्मात्याचा पूर्ण क्रमांक हाती असेल तर हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि अनुरूपतेचे प्रमाणपत्रही त्यांच्याकडे मागता येते. प्लग, सॉकेट, संपर्क आणि मागची पकड हे कधी कधी चार वेगळे क्रमांक असतात. नुसते आवरण मागवून संपर्क विसरणे ही नेहमीची चूक आहे आणि आयात शुल्क व टपालखर्च दुसऱ्यांदा भरावा लागल्यावर ती चांगलीच लक्षात राहते. एका जोडीची गरज असेल तर तीन जोड्या घ्याव्यात: एक बसवायला, एक क्रिम्पिंगच्या सरावाला आणि एक पेटीत ठेवायला.

नकली कनेक्टर कसा ओळखावा?

खिशात लहान चुंबक ठेवावा. चांगले संपर्क पितळेचे किंवा तांब्याच्या मिश्रधातूचे असतात आणि चुंबक त्यांना घट्ट चिकटत नाही. निकेलच्या पातळ मुलाम्यामुळे किंचित ओढ जाणवू शकते, पण टक्कन चिकटला तर आत पोलाद आहे असे समजावे. नंतर जोडी पाच-सहा वेळा लावून काढावी. खरा माल प्रत्येक वेळी सारखाच बसतो, नकली तिसऱ्या-चौथ्या वेळेस सैल पडतो. डाखाच्या कनेक्टरचा एखादा नमुना तापवून पाहिल्यास हलके प्लॅस्टिक लगेच मऊ होते आणि पिन तिरकी होते.

लिथियम बॅटरी घेतली तर कनेक्टर बदलावा लागेल का?

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार घटांची १२.८ व्होल्टची बॅटरी याच आकारात मिळते आणि वजनाला बरीच हलकी असते. कनेक्टरची क्षमता पुरेशी असेल तर तो बदलण्याचे विद्युत कारण नाही. अडचण चार्जिंगची आहे. या बॅटरीला १४.४ ते १४.६ व्होल्टपर्यंत चार्ज करतात, तर शिसे-आम्ल बॅटरी तरंगत्या चार्जवर, म्हणजे चार्जरला सतत जोडून ठेवताना, १३.५ ते १३.८ व्होल्टला ठेवली जाते. एकाच हँगरमध्ये दोन्ही प्रकार असतील आणि सर्वांना एकच कनेक्टर असेल, तर कधीतरी चुकीचा चार्जर लागणारच. लिथियम संचाला चार्जिंगसाठी वेगळ्या प्रकारचे सॉकेट द्यावे आणि ग्लायडरच्या बाजूचा कनेक्टर मात्र सर्व संचांना एकच ठेवावा, ही व्यवस्था मला सर्वांत सुरक्षित वाटते. बॅटरी आपल्या ग्लायडरला मान्य आहे की नाही हे अभियंत्याकडून आधी निश्चित करून घ्यावे. वजन बदलले की गुरुत्वमध्यही तपासावा लागतो, विशेषतः बॅटरी शेपटीत असेल तर.

कनेक्टरसोबत अशी बॅटरीही परदेशातून मागवण्याचा विचार असल्यास, सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या यूएन ३४८० या वर्गात मोडतात आणि १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून त्या नेण्यास मनाई आहे, हे लक्षात घ्यावे. बॅटरी येथेच घ्यावी आणि कनेक्टर मागवावा.

मॉडेल ग्लायडरसाठी हेच कनेक्टर चालतील का?

तो वेगळा विषय आहे. तेथे लहान मोटरसाठी एक्सटी-३० किंवा एक्सटी-६०, आणि केवळ रिसीव्हरसाठी याहून लहान कनेक्टर वापरतात. वजन महत्त्वाचे आणि प्रवाह मोठा असतो, त्यामुळे मॉडेलमध्ये जे उत्तम तेच मोठ्या ग्लायडरमध्ये उत्तम ठरेल असे नाही.

पावसाळ्यात काय करावे?

जून ते सप्टेंबर ग्लायडर उभा असेल तर बॅटरी काढून घरी कोरड्या जागी ठेवावी, शिसे-आम्ल असल्यास महिन्यातून एकदा चार्ज करावी आणि दोन्ही बाजूंच्या कनेक्टरवर टोप्या चढवाव्यात. टोपी नसेल तर जुन्या कनेक्टरचे रिकामे आवरण उत्तम काम देते. ग्लायडरच्या बाजूचा कनेक्टर तोंड खाली करून बांधावा, म्हणजे आत साठलेला दमटपणा पाण्याच्या थेंबाच्या रूपाने पिनांवर बसून राहत नाही. पाऊस सरल्यावर संपर्क इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावेत, वाळू द्यावेत आणि इंडिकेटरच्या दिव्याची वर सांगितलेली चाचणी पहिल्या उड्डाणाआधी करून आकडे मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी लिहावेत.